चॅनेलवरून सेटवर: कोल्हापुरात राहून दिग्दर्शक व्हायचंय त्यांच्यासाठी

"ताई, चॅनेल बरं चाललंय, आता पिक्चरच्या लाइनला कसं जायचं?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारी पोरं राजारामपुरीतली असतात, कागलची असतात, परवा एक जण गारगोटीहून दुचाकीवर आला होता. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मी पाच वर्षं एकटीनं चॅनेल चालवलं. गावाकडचे धंदे आणि कारागीर हा विषय, मोबाइल आणि एक कॉलर माइक एवढंच सामान. आता जाहिरातपट, माहितीपट आणि लघुपट दिग्दर्शित करते आणि त्यावर घर चालतं. मधली दोन वर्षं मात्र फार चाचपडत गेली. चॅनेलवर सगळं तुमच्या डोक्यात असतं आणि तुमच्याच हातानं होतं. सेटवर तेच डोक्यातलं चौदा-पंधरा माणसांना कामाच्या आधी कळावं लागतं. मी अडले ती इथेच, त्यामुळे खालच्या बऱ्याच गोष्टी याच एका अडचणीभोवती फिरतात.

१. आधी आपली शिदोरी उघडून बघा

चॅनेल चालवणाऱ्याला काही गोष्टी इतरांपेक्षा चांगल्या येतात. प्रेक्षक कुठल्या सेकंदाला उठून जातो ते तुम्ही आलेखात बघितलेलं असतं. संकलन हाताशी असतं. अनोळखी माणसाला कॅमेऱ्यासमोर बोलतं करता येतं. हे कमी समजू नका.

कच्चं काय असतं? आवाज, कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या वस्तू, कपडे, हालचाली पुढच्या शॉटशी जुळणं), नटाला सूचना देणं आणि दुसऱ्याच्या हातून काम करून घेणं. त्यासाठी एक सराव करा. तीन मिनिटांचा साधा प्रसंग लिहा, दोन माणसं, एक खोली. कॅमेरा मित्राच्या हातात द्या आणि दिवसभर त्याला हात लावू नका. मॉनिटर नसेल तर मोबाइलवर बघा, पण बोट लावायचं नाही. "थोडं असं घे ना" यापलीकडे नेमकं सांगता येत नाही, हे दहा मिनिटांत लक्षात येईल. "तिच्या कमरेपासून वर, डोळ्यांच्या उंचीला, ती कप ठेवते तेव्हा थांब" असं बोलायला जमेपर्यंत हा सराव सुरू ठेवा. मला चार रविवार लागले.

२. दुसऱ्याच्या सेटवर पडेल ते काम करा

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. पन्नास हजार सबस्क्रायबर असलेल्याला क्लॅप धरायला सांगितलं की अपमान वाटतो. वाटू देऊ नका. आपल्याच गावातला दाखला घ्या. व्ही. शांताराम १९२० मध्ये बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि मिळेल ते काम करत शिकले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट १९२७ चा. मधली सात वर्षं त्यांनी स्टुडिओतली सगळी खाती बघितली. १९२९ मध्ये चार भागीदारांबरोबर इथेच, कोल्हापुरात, त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, ती त्या बळावर.

आजचा दाखला हवा असेल तर ऑस्ट्रेलियातले डॅनी आणि मायकेल फिलिपू हे जुळे भाऊ बघा. मारामारीच्या आणि भयाच्या व्हिडिओंचं त्यांचं यूट्यूब चॅनेल जगभर गाजलं. त्यांचा पहिला मोठा चित्रपट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाला पोहोचला तेव्हा 'यूट्यूबर रातोरात दिग्दर्शक झाले' असं सगळीकडे बोललं गेलं. पण त्याच्या कितीतरी आधी दोघांनी दुसऱ्या दिग्दर्शिकेच्या सेटवर क्रूमध्ये काम केलं होतं. तेवढी गोष्ट कुणी सांगत नाही.

कोल्हापूर परिसरात मालिका, लघुपट, जाहिराती यांची चित्रीकरणं होत असतात. मोरेवाडीत चित्रनगरी आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही कोल्हापुरातच आहे. तिथे सभासदत्वाची चौकशी करा, प्रॉडक्शन मॅनेजर लोकांना भेटा आणि "तिसरा सहायक दिग्दर्शक म्हणून घ्या" असं स्पष्ट सांगा. मिळालं तर कंटिन्युइटीचं काम मागून घ्या. पेला कुठल्या हातात होता, दुधाची पातळी किती होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे लिहिता लिहिता शॉट एकमेकांना कसे जोडले जातात ते जितकं कळतं तितकं कुठल्याच क्लासमध्ये कळत नाही.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, "शिकायला मिळतंय ना" म्हणत महिनोन् महिने फुकट राबवणं. पहिलं काम बिनपगारी करायला हरकत नाही, पण दिवस ठरवून घ्या आणि जेवण व प्रवासखर्च मागा. दुसऱ्या कामापासून पैसे बोलायचे. दुसरा सापळा जास्त वाईट आहे: "सहायक म्हणून घेतो, आधी डिपॉझिट भरा." असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं आईची बोरमाळ गहाण टाकून पैसे भरले होते. ते सेट कधी लागलेच नाहीत.

३. डोक्यातलं कागदावर उतरवा

हा भाग लांब आहे, कारण माझं नुकसान इथेच झालं.

माझं पहिलं पैसे घेऊन केलेलं काम एका गूळ उत्पादकासाठी होतं. पाच मिनिटांची फिल्म, दोन दिवस, करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. त्याच गुऱ्हाळावर मी चॅनेलसाठी पूर्वी दोन व्हिडिओ केले होते, त्यामुळे शॉट लिहून काढायची गरज वाटली नाही. सगळं पाठ होतं. चुलवाणात (भट्टीत) चिपाडं पडतात, काहिलीत (मोठ्या कढईत) रस उसळतो, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचे थेंब पाण्यात टाकून गोळी धरते का बघतो. धरली की त्याची मान हलते आणि गडी एकदम काहील वाफ्याकडे ओढून कलती करतात. मला फिल्मचा शेवट त्याच धारेवर करायचा होता.

गुळव्याची मान हलली तेव्हा आमचा कॅमेरामन लेन्स बदलत होता, कारण तो शॉट पुढचा आहे हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. मी "एक मिनिट, एक मिनिट" म्हणेपर्यंत तो पिवळाधमक पाक वाफ्यात पसरूनही गेला. थांबणार कसा? आधण, म्हणजे काहिलीतला उकळता रस, मिनिटभर जास्त राहिलं तर गूळ काळा पडतो, शेतकऱ्याचा दर जातो. पुढचं आधण उतरायला अडीच तास होते. तोवर ऊन कललं, धुरातून येणारी ती तिरीप गेली आणि चौदा जणांचा दिवस वाया गेला. तिसऱ्या दिवसाचा खर्च मी माझ्या मानधनातून भरला. चॅनेलच्या वेळी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले असते, चहा पिऊन परत आले असते.

त्यानंतर मी चार कागद तयार झाल्याशिवाय शूट लावत नाही.

पटकथा. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशोब इंग्रजी टायपातल्या ठरावीक मांडणीचा आहे. देवनागरीत तो नीट बसत नाही. स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचा, हालचालींचा वेळ धरा आणि मिनिटं समासात लिहा.

ब्रेकडाउन. प्रत्येक सीनसमोर दिवस की रात्र, घरात की बाहेर, माणसं कोण, कपडे कुठले, वस्तू कुठल्या, गाडी किंवा जनावर आहे का. हा तक्ता झाला की खर्च आपोआप समोर येतो. अंदाजपत्रक त्यानंतरच द्यायचं, आधी नाही.

शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रत्येक सीनचे शॉट पाडून केलेली यादी. शॉटचा क्रम गोष्टीच्या क्रमानं लावू नका. ऊन कुठून येतं आणि कुठली गोष्ट थांबणार नाही, यावर लावा. परत मिळणार नाही अशा शॉटला मी तांबड्या पेनानं गोल करते. आधण उतरणं, लहान मुलाचं रडणं, पालखी वळणं, सूर्य बुडणं. त्या शॉटच्या आधी अर्धा तास दुसरं काही लावायचं नाही.

कॉल शीट. आदल्या संध्याकाळी सातच्या आत प्रत्येकाच्या मोबाइलवर गेली पाहिजे. कोणी किती वाजता यायचं, कुठे यायचं (खुणेसह, नुसत्या नकाशावर विसंबू नका, गावात नेटवर्क जातं), नाश्ता कधी, सूर्यास्त कधी, जवळचा दवाखाना कुठला. स्पॉट दादांनाही ती पाठवा. अनेक जण पाठवत नाहीत आणि मग चहा कुठे गेला म्हणून ओरडतात.

तंत्राच्या चार गोष्टीही इथेच सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. काम चित्रपटगृहात जाणार असेल तर २४ आणि बाकी ठिकाणी २५ आधीच ठरवून घ्या, मध्येच मिसळू नका. आवाज ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड करा. संकलनाच्या वेळी ती सोन्यासारखी उपयोगी पडते. कार्डच्या दोन प्रती दोन वेगळ्या बॅगांत, दोन वेगळ्या माणसांकडे.

४. परवानग्या: कोणाची जागा ते आधी शोधा

"आम्ही तर रंकाळ्यावर कितीदा शूट केलंय, कोण विचारतंय?" एकट्या मोबाइलवाल्याला कोणी विचारत नाही. ट्रायपॉड, लाइट आणि पंधरा माणसं दिसली की विचारतात आणि तेव्हा हातात कागद लागतो.

रंकाळा, शहरातले रस्ते आणि बागा यांसाठी महापालिका आणि त्या हद्दीचं पोलीस ठाणं. अंबाबाईच्या मंदिरासाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यासाठी वन विभाग. पन्हाळ्याच्या बाबतीत हमखास चूक होते. गडावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, म्हणून लोक तेवढीच परवानगी घेऊन जातात. पण पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. तारीख ठरवण्याआधी अर्ज करा.

ड्रोनबद्दल विशेष सांभाळा. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे आणि विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन केलेल्या कामासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. लग्नात उडवतो म्हणणाऱ्याकडे ते असेलच असं नाही. मागून बघा.

चित्रपटात बैल, म्हैस, घोडा दाखवायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. शूट झाल्यावर आठवण झाली तर सेन्सॉरला काम अडतं.

परवानगीच्या फाइलमध्ये माझ्याकडे नेहमी असतं ते हे: निर्मात्याचं लेटरहेडवरचं पत्र, कथेचा एक पानी सारांश, तारखा आणि वेळा, क्रूची यादी व आधार कार्डच्या प्रती, वाहनांचे क्रमांक, खासगी जागा असेल तर मालकाचं सहीचं संमतिपत्र. तीन संच काढून ठेवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठचं काही लावूच नका. पंचगंगेचं पाणी कधी रस्त्यावर येईल ते सांगता येत नाही.

५. माणसं

आपल्याकडे नाटकाची माणसं चांगली आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना, कॉलेजच्या एकांकिकांना जाऊन बसा, वहीत नावं टिपा. फॉलोअर जास्त म्हणून नट घेऊ नका. मी एकदा घेतला आणि त्याला दुसऱ्याचं वाक्य ऐकून घ्यायला शिकवण्यात दिवस गेला. नाटकातल्या नटाचा आवाज मात्र शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो. त्याला "हळू बोला" म्हणू नका. "ती तुमच्या शेजारीच बसलीय" एवढं म्हणा.

लहान मूल असेल तर कायदा वाचून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. "आपल्याच गल्लीतला पोरगा आहे" हे कारण चालत नाही, चालूही नये.

६. करार आणि पैसा

ओळखीच्या माणसाशी करार कसा करायचा, याचा संकोच आपल्याकडे फार. ओळखीच्या माणसाशी आधी करा, कारण तिथे भांडण झालं तर पैसा आणि माणूस दोन्ही जातात.

करारात ह्या गोष्टी असायलाच हव्यात: किती मिनिटांची फिल्म, किती दिवस शूट, किती वेळा बदल करून देणार (मी दोनदा लिहिते, तिसऱ्यांदा वेगळे पैसे), पैसे कुठल्या टप्प्याला किती. निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय मी लोकेशन बघायला जात नाही. शेवटचा हप्ता आला की मगच वॉटरमार्कशिवायची प्रत.

हक्कांचा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. चॅनेलवरचा व्हिडिओ तुमचा असतो. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता धरतात, दिग्दर्शक नाही, आणि पैसे देऊन करून घेतलेली फिल्म, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याच्या मालकीची होते. म्हणजे तुम्ही केलेली जाहिरात तुमच्याच शोरीलमध्ये (निवडक कामांच्या छोट्या फितीत) टाकायला परवानगी लागू शकते. करारात एक ओळ घाला: 'दिग्दर्शकाला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून ही फिल्म दाखवता येईल.' तसंच श्रेयनामावलीत नाव कसं येणार तेही लिहून घ्या. कथा तुमची असेल तर ती कुणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा, हे ऑनलाइन होतं.

चॅनेलवर जुनं गाणं टाकलं तर फार तर कमाई दुसऱ्याकडे जाते किंवा व्हिडिओ बंद होतो. ग्राहकाच्या फिल्ममध्ये तेच केलं तर नोटीस ग्राहकाला जाते. इथल्याच एखाद्या संगीतकाराकडून नवं करून घ्या आणि त्याच्याशीही लेखी करार करा.

कागद म्हणाल तर पॅन, व्यवसायाच्या नावाचं बँक खातं, बिलबुक आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. तिचा मोठा फायदा असा की नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. एका ग्राहकानं माझं बिल सात महिने लटकवलं होतं. तेव्हा माझ्याकडे नोंदणी नव्हती, हातात फक्त व्हॉट्सअॅपवरचे निळे टिक होते.

७. स्वतःचा लघुपट

शोरीलनं जाहिरातीची कामं येतात. मोठं काम द्यायचं तर निर्माता विचारतो, "गोष्ट सांगता येते का?" त्यासाठी दहा-बारा मिनिटांचा एक लघुपट करा. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं २०१३ मध्ये बायकोला घेऊन राहत्या घरात तीन मिनिटांपेक्षाही छोटा भयपट केला. तो ऑनलाइन गाजला आणि २०१६ मध्ये त्याच कल्पनेवरचा पूर्ण लांबीचा चित्रपट त्यानं हॉलिवूडसाठी दिग्दर्शित केला. घर, एक दिवा, एक माणूस, यात काय काय होतं ते बघण्यासारखं आहे.

पण घाईनं चॅनेलवर टाकू नका. ही आपल्या लोकांची सवयच असते, एक्स्पोर्ट झालं की अपलोड. कित्येक महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. आधी महोत्सवांचे नियम वाचा, वर्षभर पाठवा, पासवर्ड लावलेली लिंक ठेवा, मग चॅनेलवर आणा. सुरुवात घरापासून करा. बाबुराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी शहरात आहे आणि कोल्हापूरचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही. निवड नाही झाली तरी तिकीट काढून सगळे दिवस बसा.

नुसत्या यूट्यूबसाठी सेन्सॉर लागत नाही. चित्रपटगृहात लावायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवंच. अर्ज ऑनलाइन, आपल्याला मुंबई कार्यालय. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए या, लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, वर्गात ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. विडी-सिगारेट दाखवली तर इशाऱ्याची पाटी आणि तंबाखूविरोधी चित्रफीत लागते.

८. चॅनेलचं काय करायचं?

बंद करू नका. दोन कामांच्या मधले महिने रिकामे जातात, तेव्हा वीजबिल चॅनेलच भरतं. मी आठवड्याचे तीन व्हिडिओ सोडून महिन्याला एकावर आले. आकडे उतरले, पहिले काही महिने रोज रात्री ते बघून जीव खालीवर व्हायचा. मग मी मोबाइलमधून ते अॅपच काढलं, आता सोमवारी सकाळी लॅपटॉपवर एकदाच बघते.

चॅनेलच्या माहितीत व्यवसायाचा वेगळा ईमेल द्या, घरचा नंबर नको. शोरील दोन मिनिटांच्या आत ठेवा, सगळ्यात चांगला शॉट पहिला. आणि ज्या कामात तुम्ही फक्त क्लॅप धरला होता, ते त्यात घालू नका. कोल्हापूर लहान आहे, कॅमेरामन कोण होता ते समोरच्याला माहीत असतं.